नजरबंदी, तीन चौकटींची

पहिल्या चौकटीत गुंडाने पिस्तूल रोखलंय. दुसऱ्या चौकटीत समोरचा उंच टोपीवाला गृहस्थ हाताची बोटं जराशी पसरतो, बस्स. तिसऱ्या चौकटीत गुंडाच्या मुठीत पिस्तुलाच्या जागी फणा काढलेला साप आहे आणि गुंडाची बोबडी वळली आहे. जादूगार मँड्रेकची चित्रपट्टी ज्यांनी वाचलीय त्यांना हा मासला तोंडपाठ असतो. पण तिसऱ्या चौकटीपाशी थांबून एक साधी शंका काढून बघा. संमोहन झालंय ते गुंडाला. साप दिसायला हवा तोही त्यालाच. मग आपल्याला का दिसतो?

कारण चित्रकाराने तेवढ्या एका चौकटीपुरतं आपल्याला गुंडाच्या डोळ्यांत नेऊन बसवलेलं असतं. पुढच्या चौकटीत, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पट्टीत, पिस्तूल जमिनीवर पडलेलं दिसतं. साधं, लोखंडी. तोवर आपण पुन्हा बाहेर आलेलो असतो. ही ये-जा इतक्या सफाईने होते की उंबरा कधी ओलांडला ते लक्षातही येत नाही. ही करामत मँड्रेकची कमी आणि चौकटीची जास्त.

मराठीला या बाबतीत बारीक भेद ठाऊक आहेत. पत्त्याचं पान बाहीत सरकवणं ही हातचलाखी. बाहुली, टाचण्या, उतारा हे चेटूक. आणि भर चौकात गारुडी शंभर माणसांना एकदमच नसलेली गोष्ट दाखवतो असं आपण म्हणतो, ती नजरबंदी. मँड्रेकला आपण जादूगार म्हणत आलो, पण नेमका शब्द काढायचा तर तो नजरबंदीवाला. वस्तू जागची हलत नाही, फिरते ती बघणाऱ्याची नजर.

सुरुवातीला मात्र तो असा नव्हता. अनेक वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या किंग फीचर्स सिंडिकेटने ११ जून १९३४ या सोमवारी ही दैनिक पट्टी सुरू केली. लेखक ली फाल्क, मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस गावचा, वय २३. पहिल्या दोन आठवड्यांच्या पट्ट्या त्याने स्वतःच काढल्या होत्या. पुढे चित्रं गेली त्याच गावच्या फिल डेव्हिसकडे. डेव्हिस त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, व्यावसायिक चित्रकामात मुरलेला. नायकाचं नाव एका मुळीवरून घेतलेलं. मँड्रेक, म्हणजे मँड्रागोरा, ही धोत्रा-अश्वगंधेच्या कुळातली वनस्पती. तिची मुळी माणसाच्या आकाराची दिसते, ती उपटताना किंचाळते अशी युरोपात समजूत होती, आणि धोत्र्यासारखीच तिच्यातली द्रव्यं माणसाला नसलेलं दाखवतात. नाव ठेवताना फाल्कने एवढा विचार केला असो वा नसो, नाव मात्र चपखल बसलं.

त्या पहिल्या काळातला मँड्रेक खरीखुरी जादू करायचा. हवेत तरंगायचा, अदृश्य व्हायचा, रूप पालटायचा. आणि इथेच लेखकाची गोची होते. जो काहीही करू शकतो त्याच्यावर संकट आणायचं कसं? त्याला कोठडीत टाका, तो भिंतीतून बाहेर. समुद्रात बुडवा, तो पाण्यावरून चालत किनाऱ्याला. अशी गोष्ट दोन आठवडे खेचता येते, दोन वर्षं नाही. फाल्कने हळूहळू जादू काढून घेतली आणि तिच्या जागी संमोहन आणलं. ‘अमुक कथेपासून’ असं बोट ठेवता येत नाही, रंग उतरावा तशी ती जादू उतरत गेली. वरकरणी हे नायकाचे पंख छाटणं वाटतं, पण लेखकाला या छाटणीतच बरंच काही मिळालं. संमोहनाला समोरचा माणूस लागतो. त्याची नजर लागते. हात मोकळा लागतो. अंधारात लपलेला नेमबाज, डोळ्यांवर पट्टी बांधलेला पहारेकरी, वेळ लावलेला बॉम्ब, नुसतं यंत्र, यांच्यापुढे बोटं पसरून उपयोग काय? संकटाला शिरायला एकदम दहा दारं उघडली.

खऱ्या संमोहनशास्त्राशी याचा संबंध जवळजवळ नाहीच. खऱ्या संमोहनाला वेळ लागतो, शांतता लागते, आणि मुख्य म्हणजे समोरच्याची तयारी लागते. पिस्तूल रोखलेला माणूस अर्ध्या सेकंदात गुंगत नाही, आणि खोलीतल्या सहा जणांना एकच साप एकाच वेळी दिसत नाही. मग ही सामूहिक नजरबंदी अमेरिकन वाचकाच्या गळी उतरली कशी? याचं एक मूळ आपल्याकडे, म्हणजे आपल्या नावावर खपवलेल्या एका बातमीत सापडतं.

ऑगस्ट १८९० मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलं की दोन अमेरिकन तरुण हिंदुस्थानात गेले, एक चित्रकार आणि एक छायाचित्रकार. त्यांच्यासमोर एका फकिराने दोर हवेत फेकला, तो ताठ उभा राहिला, पोरगं त्यावर चढलं आणि वर जाऊन नाहीसं झालं. चित्रकाराने हे सगळं कागदावर टिपलं. छायाचित्रं धुतली तर त्यात ना दोर, ना पोरगं, नुसता बसलेला फकीर. निष्कर्ष असा की फकिराने सगळ्या जमावाला संमोहित केलं होतं, पण कॅमेरा काही त्याला फसला नाही. काही महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने कबूल केलं की ही गोष्ट बनावट आहे, खप वाढावा म्हणून रचलेली. पण कबुली कोण वाचतो? दोराची जादू आणि पूर्वेकडचं सामूहिक संमोहन या दोन्ही गोष्टी जगभर पसरल्या. ती खोटी बातमी रचणारा पत्रकार जॉन विल्की पुढे १८९८ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख झाला. गुन्हेगारांशी लढणारा थापाड्या, हे पात्र फाल्कच्या कथेत अगदी शोभलं असतं.

फाल्कने ती बातमी वाचली होती असा दावा इथे नाही. पण मँड्रेक आपली विद्या शिकतो ती हिमालयातल्या एका जादूच्या महाविद्यालयात, हे त्याच हवेत श्वास घेतल्याचं लक्षण. आणि त्या खोट्या बातमीत एक बारकावा आहे तो मला फार मोलाचा वाटतो. चित्रकाराच्या कागदावर जादू उतरली, छायाचित्रात उतरली नाही. चित्रकथेचं मर्म याहून थोडक्यात सांगता येणार नाही. पेनाची रेघ पिस्तूल आणि साप दोघांना सारखाच मान देते. खरं आणि भास, एकच शाई, एकच जाडी. सिनेमाचं तसं नसतं. कोलंबिया कंपनीने १९३९ मध्ये वॉरन हलला घेऊन १२ भागांची मँड्रेक मालिका चित्रपटगृहांत आणली. पण पडद्यावर कॅमेऱ्याची करामत आली की प्रेक्षक आधी ‘हे कसं केलं’ असं विचारतो. कागदावर तो प्रश्न उठतच नाही, कारण तिथे सगळंच काढलेलं असतं. इटलीचा दिग्दर्शक फेलिनी हा फाल्कचा मित्र आणि मँड्रेकचा चाहता. त्याला मँड्रेकवर चित्रपट करायचा होता. तो झाला नाही. त्याच्याच १९८७ च्या एका चित्रपटात नट मार्चेल्लो मास्त्रोयान्नी मँड्रेकच्या वेशात येऊन जातो, तेवढंच.

आता जरा कारखान्यात शिरू. दैनिक पट्टी सोमवार ते शनिवार, आठवड्याला ६. दिवसाला तीन, क्वचित चार चौकटी. म्हणजे वाचकाची वीस सेकंदं. एवढ्यात तीन कामं उरकायची. पहिल्या चौकटीत कालची आठवण, कारण काल वर्तमानपत्र न घेतलेला माणूसही आज वाचणार. मधल्या चौकटीत आजची घडामोड. शेवटच्या चौकटीत उद्याचं गळाचं आमिष. हिशेब मांडला तर कथा पुढे सरकते ती दिवसाला जेमतेम दीड चौकट. १६ आठवड्यांची कथा धरा: ९६ पट्ट्या, साधारण २९० चौकटी, आणि त्यातल्या शंभरेक चौकटी नुसती उजळणी. हाताने लिहिणाऱ्या लेखकाला यात दोन खड्डे आडवे येतात. उजळणी फार केली की रोजचा वाचक वैतागतो, कमी केली की अधूनमधूनचा वाचक सुटतो. फाल्क यात वाकबगार होता. तो उजळणी निवेदकाच्या पेटीत न घालता पात्राच्या तोंडी घालायचा, तीही प्रश्न म्हणून. ‘म्हणजे तो तिजोरी न उघडताच आत गेला?’ असं कोणीतरी विचारतो आणि कालचं सगळं येऊन जातं.

दुसरी अडचण शनिवारची. रविवारच्या रंगीत पानावर वेगळीच कथा चालू असायची (मँड्रेकचं रविवारचं पान ३ फेब्रुवारी १९३५ ला सुरू झालं), म्हणून दैनिक कथा शनिवारी सोडायची ती थेट सोमवारी उचलायची. मध्ये ४८ तास. शनिवारचं आमिष जरा जास्त धारदार लागतं आणि सोमवारची आठवण जरा जास्त लांब. जुन्या पट्ट्या ओळीने लावून वाचल्या की दर सहा पट्ट्यांनंतर एक ठेच लागते, ती ही.

या साच्यात ‘मँड्रेक संमोहनाची खूण करतो’ (मूळ इंग्रजीत ‘मँड्रेक जेश्चर्स हिप्नॉटिकली’) हे ठरावीक वाक्य कसं बसतं ते पाहण्यासारखं आहे. ते बहुतेक मधल्या चौकटीत येतं. त्याला जागा लागते एका ओळीची. ते इतक्या वेळा आलेलं असतं की वाचक ते वाचत नाही, ओळखतो. कीर्तनकाराने ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हटलं की पुढचं आपोआप यावं तसं. आणि त्या एका ओळीने चित्रकाराला पुढच्या चौकटीत वाट्टेल ते काढायची मुभा मिळते: भिंत वितळू दे, टेबल चालू दे, गुंडांच्या टोळीला चिमणीएवढं होऊ दे. नंतर काहीही निस्तरावं लागत नाही. एका चौकटीत पसारा, दुसऱ्या चौकटीत आवराआवर. महिनाभर धिम्या गतीने सरकणाऱ्या गुन्ह्याच्या तपासात वाचकाला रोज डोळ्यांची मेजवानी कशी द्यायची, या धंदेवाईक प्रश्नाचं हे उत्तर होतं.

डेव्हिसची रेघ याला फार मानवली. स्वच्छ, मोजकी, सावल्यांचा गचपणा नाही. भास जितका अशक्य तितकी रेघ शांत हवी, हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कर्टिस-राइट या विमान कंपनीत कलादिग्दर्शक होता आणि ए-२५ बॉम्बरच्या माहितीपुस्तिकेची चित्रं त्याने काढली. तीच वृत्ती साप काढतानाही दिसते, साप म्हणजे जणू यंत्राचा एक सुटा भाग. त्याची बायको मार्था फॅशनची चित्रकार. तिचा हात पट्टीत होता आणि मँड्रेकची प्रेयसी नार्डा हिचे पोशाख इतके नीट बेतलेले दिसतात ते त्यामुळे.

मँड्रेकचा स्वतःचा पोशाख तर छपाईच्या दृष्टीने हुशारीचा नमुना. उंच काळी टोपी, काळा कोट, झगा, मध्ये पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण, ओठांवर बारीक मिशी. रंगमंचावरच्या जादूगाराचा हा नेहमीचा वेश, पण वर्तमानपत्री कागदावर त्याचा आणखी एक उपयोग. हा कागद शाई पितो, बारीक रेघा पसरतात, चेहरे बुजतात. अशा वेळी काळा ठोकळा आणि त्यात पांढरा त्रिकोण एवढं दिसलं तरी नायक कुठे आहे ते कळतं. धोका एकच, भरीव काळा भाग मोठा झाला की शाई सगळीकडे सारखी बसत नाही आणि झगा पांढुरका, चट्टे पडल्यासारखा उमटतो. म्हणून जाणकार चित्रकार काळ्यात घड्यांच्या दोन-चार पांढऱ्या रेघा सोडतो. त्या सौंदर्यासाठी जेवढ्या, तेवढ्याच यंत्रासाठी.

सिंडिकेटकडून वर्तमानपत्रांना चित्र जायचं ते कागदाच्या लगद्याच्या साच्यावर, ज्याला छापखान्यात मॅट म्हणत. मॅटमध्ये वितळलेलं शिसं ओतून ठसा काढायचा आणि तो यंत्रावर चढवायचा. मॅट वाळताना थोडा आकसतो, त्यामुळे एकच पट्टी दोन गावांच्या वर्तमानपत्रांत नेमकी सारख्या मापाची असेलच असं नाही. युद्धात कागदाची टंचाई आली तशा सगळ्याच पट्ट्या लहान झाल्या आणि पुन्हा मोठ्या झाल्या नाहीत. जागा घटली, संवादाच्या फुग्यातली अक्षरं मात्र वाचता यायलाच हवीत. मग बळी गेला चित्राचा. दूरचे देखावे गेले, खांद्यापासून वरचे चेहरे वाढले. जुनं ते सोनं असं उगाच म्हणायची आपल्याला खोड असते, पण तीसच्या दशकातल्या पट्ट्या डोळ्यांना मोकळ्या वाटतात त्यामागे कागदाच्या इंचांचा हिशेब आहे.

लोथारबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आफ्रिकेतल्या टोळ्यांच्या संघाचा हा राजपुत्र. राज्य सोडून मँड्रेकबरोबर निघालेला, हत्ती उचलण्याइतका बळकट. कथेत त्याची गरज साधी आहे, जिथे बोटं चालत नाहीत तिथे मूठ लागते. पण १९३४ च्या अमेरिकेने त्याला दिलेलं रूप आज बघवत नाही. अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर तुर्की टोपी, तोंडी मोडकीतोडकी भाषा आणि भूमिका नोकराची. डिसेंबर १९६४ मध्ये डेव्हिस वारला आणि १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आला, तेव्हा लोथारने अंगभर कपडे घातले आणि नीट वाक्यं बोलायला सुरुवात केली. नोकराचा मित्र झाला. अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असतानाचं हे वर्ष. कोणाला यात फक्त वेषांतर दिसेल, पण भाषा सुधारली की पात्राची अक्कलही वाढलेली दिसते. त्याआधी लोथारला कथेत सुचत फारसं काही नव्हतं, नंतर सुचू लागलं.

भारतात हा क्रम पार विस्कटला. टाइम्स समूहाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. सुरुवातीच्या त्या कामात अनंत पै होते. आरंभीचे अंक फाल्कच्याच दुसऱ्या नायकाचे, फँटमचे, म्हणजे आपल्या वेताळाचे. मँड्रेक नंतर आला. गंमत अशी की इंद्रजाल या शब्दाचा अर्थच मायाजाल, नजरबंदी. जंगलात ठोसे लगावणाऱ्या वेताळापेक्षा तो मँड्रेकलाच अंगासरशी बसतो. इंद्रजालने कथा मूळ क्रमाने छापल्या नाहीत. त्यामुळे बिबट्याचं कातडं आणि टापटीप शर्ट यांच्यामागे काही इतिहास आहे हे मराठी वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

वर्तमानपत्राच्या आडव्या पट्टीचं उभं पान करणं हा स्वतंत्र कसब मागणारा उद्योग. पानावर पाच-सहा चौकटी, ३२ पानं, म्हणजे साधारण पावणेदोनशे चौकटींची जागा. कथेत आहेत २९०. कात्री लागणारच. पहिली कापायची ती उजळणी, आणि इथे हात घसरतो. काही चौकटींत उजळणी आणि नवी माहिती एकाच फुग्यात असते. ती सरसकट कापली की पुढे एक पात्र कुठून आलं तेच कळत नाही. आडव्या चौकटी उभ्यात बसवताना कडा छाटाव्या लागतात, नाहीतर वर-खाली चित्र वाढवून काढावं लागतं. वाढवलेला भाग ओळखायची खूण आहे: तिथली रेघ एकदम जाड होते आणि आकाश किंवा भिंत उगाचच रिकामी असते. आणखी एक खूण, पाठोपाठच्या दोन चौकटींत माणूस तोच, वाक्य जवळजवळ तेच, पण मागची पार्श्वभूमी बदललेली. तिथे मूळ पट्टीत शनिवार संपून सोमवार उजाडलेला असतो. मुखपृष्ठांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं हे सरळ सरळ स्वतंत्र चित्रकाम आहे. तेच गोविंद पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींच्या ‘बहादूर’ या भारतीय नायकाचे पहिले चित्रकार झाले.

भाषांतराची झटापट फुग्याच्या आकाराशी. इंग्रजी मजकूर मोठ्या लिपीत, दाटीवाटीने, ओळीला ओळ चिकटून लिहिलेला. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार हवा आणि खाली उकार. त्याच फुग्यात इंग्रजीच्या पाच ओळी मावत असतील तर मराठीच्या फार तर चार. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, हा मात्र फायदाच. ‘तिजोरी रिकामी’ एवढं वाचून फुगा संपतो आणि ‘होती’ की ‘नव्हती’ ते पुढच्या फुग्यात. आणि त्या ठरावीक वाक्याचं काय करायचं? ‘हातवारे करतो’ म्हटलं की एसटी स्टँडवर कंडक्टरशी हुज्जत घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘मंत्र घालतो’ म्हटलं की तोंडाने काहीतरी पुटपुटणं आलं, जे मँड्रेक करत नाही. ‘मोहिनी घालतो’ यात भलताच शृंगार. त्यातल्या त्यात ‘संमोहनाची खूण करतो’ हे बरं, जरी त्यात थोडा सरकारी वास आहे.

ज्यांच्या माळ्यावर हे अंक किंवा कात्रणं अजून आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी तारीख. मूळ पट्टीवर दोन चौकटींमधल्या फटीत बारीक अक्षरात किंग फीचर्सची हक्कओळ, साल आणि तारीख असते. तारीख अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. ७-६ म्हणजे ६ जुलै. आपण तो ७ जून समजतो आणि सगळी चळत उलटसुलट लावून बसतो. १२ च्या पुढचा दुसरा आकडा दिसला की शंका फिटते, म्हणून आधी अशा पट्ट्या बाजूला काढून त्यांच्याभोवती बाकीच्या लावाव्यात. आठवड्यात सहाच पट्ट्या असणार हा दुसरा पडताळा. तारखेच्या वारात रविवार आला तर कुठेतरी चुकलंय.

मग कागद. वर्तमानपत्राचा कागद लाकूड नुसतं दळून केलेला, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद घडीवर तुटतो. पिवळेपणा परत जात नाही, वेग तेवढा कमी करता येतो. घड्या उलगडून कागद सपाट ठेवायचा. आम्लरहित पुठ्ठा पाठीला, वरून पॉलिएस्टरचं पाकीट, एक तोंड उघडं. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं नकोत, ती काही वर्षांत चिकट होतात आणि शाई उचलतात. फाटलं म्हणून सेलोटेप लावू नका, तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग टेप निघते पण डाग राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, आम्ल आतच कोंडतं आणि केलेलं उलटवता येत नाही. इंद्रजालच्या अंकांना मधोमध दोन पिना असतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळी हवेने त्या गंजतात आणि गंज मधलं जोडपान खातो. पिनेचे पाय आतून बोथट सुरीने उभे करायचे, अंक पालथा घालून पिन बाहेरून काढायची, ओढून नव्हे. पानं सुटी ठेवली तरी चालतात, हवंच तर जुन्याच भोकांतून सुती दोरा घालावा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नये. कसर आणि वाळवी यांना खरा अटकाव म्हणजे कोरडी, वारा खेळणारी जागा आणि वर्षातून दोनदा केलेली उलथापालथ.

स्कॅन करताना काळ्या रेघेच्या पट्ट्यांना ६०० डीपीआय ठेवा, पण नुसत्या काळ्या-पांढऱ्यात करू नका. करडा किंवा रंगीत ठेवला तर पिवळेपणा नंतर वेगळा काढता येतो. रंगीत पानांवरचे रंगाचे ठिपके ‘साफ’ करण्याचा मोह आवरावा. चार रंगांचे ठसे एकमेकांवर बसताना लाल थोडा सरकला आणि मँड्रेकच्या झग्याचं अस्तर त्याच्या हनुवटीला लागलं, तर तेही त्या छापखान्याचंच काम आहे. कागद तुटला तरी स्कॅनमध्ये ते उरतं.

उरलेला इतिहास भरभर सांगता येतो, कारण पुढे नाट्य कमी आणि सातत्य जास्त. फ्रेडरिक्सची रेघ डेव्हिसपेक्षा मोकळी, पेनाच्या तिरप्या रेघांची. कथांत झानाडू हा डोंगरमाथ्यावरचा बंगला आला, मधोमध दुभंगणारा रस्ता आणि आत टेहळणीचे टीव्ही. तिथला स्वयंपाकी होजो हा प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय गुप्तचर संस्थेचा प्रमुख. मॅग्नन नावाचा आकाशगंगेचा सम्राट आला, त्याच्या मुलीचं नाव नार्डा आणि मँड्रेक जोडून नार्ड्राका. पहिल्याच कथेतला वैरी कोब्रा हा पुढे मँड्रेकचा सावत्र भाऊ निघाला. अवकाशातल्या कथा मला तरी पातळ वाटतात. जिथे सगळंच अद्भुत तिथे नजरबंदीला उठाव मिळत नाही, तिला साधी भिंत, साधा दिवा, साधा गुंडच लागतो. नार्डा आणि मँड्रेकचं लग्न १९९७ मध्ये लागलं, ओळख १९३४ ची. तीन ठिकाणी तीन समारंभ झाले, एवढी वाट पाहिल्यावर ते गैर म्हणता येत नाही.

फाल्क १३ मार्च १९९९ ला गेला. त्यानंतर फ्रेडरिक्स लिहूही लागला. रविवारचं पान २९ डिसेंबर २००२ ला थांबलं. दैनिक पट्टी चालत राहिली. हिशेबाने एव्हाना २४ हजारांवर पट्ट्या झाल्या होत्या. ६ जुलै २०१३, शनिवार, या दिवशी फ्रेडरिक्स निवृत्त झाला तेव्हा कथा निम्म्यावर होती. सोमवारी, ८ जुलैला, त्याच जागी त्याच मापाच्या चौकटींत मँड्रेक पुन्हा हजर होता. ती १९९५ सालची जुनी कथा होती, कोब्राच्या पाठलागाची. निम्म्यावर राहिलेली कथा पुढे आलीच नाही.